फोड अंगावर, कारण औषधांच्या पिशवीत

सत्तरी ओलांडलेल्या आजोबांच्या मांड्यांवर, पोटावर टपोरे, पाण्याने भरलेले फोड उठतात. त्याआधी काही महिने नुसतीच खाज. घरात कुणीतरी म्हणतंच, ‘नागीण झाली.’ पण नागीण सहसा एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते आणि ठणकते. हे फोड दोन्हीकडे येतात, खाजतात आणि लवकर फुटत नाहीत. हा बुलस पेम्फिगॉइड असू शकतो. त्वचेचा वरचा थर खालच्या थराशी बांधून ठेवणाऱ्या बीपी-१८० या प्रथिनावर शरीराचीच प्रतिपिंडं चालून जातात. शिवण उसवावी तसे थर सुटतात आणि मधे पाणी साचतं.

निदानासाठी त्वचेचे दोन तुकडे लागतात. एक ताज्या फोडाचा, फॉर्मॅलिन या तुकडा टिकवणाऱ्या द्रावातला. दुसरा फोडाशेजारच्या, चांगल्या दिसणाऱ्या कातडीचा. ‘चांगली कातडी कशाला कापता?’ हा प्रश्न रास्तच आहे. खुद्द फोडात दाहामुळे प्रतिपिंडं नष्ट झालेली असू शकतात. शेजारी ती शाबूत सापडतात. हा तुकडा मात्र चुकूनही फॉर्मॅलिनमध्ये टाकायचा नाही, नाहीतर तपासणी वाया जाते. योग्य द्रावणातून तो प्रयोगशाळेत पोचला, की चमकणारे रंग वापरून सूक्ष्मदर्शकाखाली दोन थरांच्या सीमेवर त्या प्रतिपिंडांची सलग हिरवी रेघ दिसते.

रेघ रोगाचं नाव सांगते, कारण नाही. ते शोधायला औषधांची पिशवी उपडी करावी लागते. मधुमेहावरच्या ग्लिप्टिन गटातल्या गोळ्यांशी, त्यातही व्हिल्डाग्लिप्टिनशी, या आजाराचा संबंध दिसून आला आहे. तिचं पेटंट भारतात डिसेंबर २०१९मध्ये संपलं, किंमत उतरली आणि ती घरोघरी पोचली. बहुतेकांना ती काही त्रास देत नाही. पण फोड येतात ते गोळी सुरू झाल्यावर अनेक महिन्यांनी, कधी काही वर्षांनी. म्हणून ‘नवीन काही घेतलंत का?’ या प्रश्नाला रुग्ण प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो, आणि तिथेच धागा तुटतो. त्यात अशा काही रुग्णांत लाली कमी असते, आणि बीपी-१८०च्या ठरावीक भागावरची प्रतिपिंडं शोधणारी नेहमीची रक्ततपासणीही निगेटिव्ह येऊ शकते.

‘मी मधुमेहासाठी फक्त मेटफॉर्मिन घेतो,’ असंही ऐकू येतं. पण एकाच गोळीत दोन औषधं असू शकतात. स्ट्रिप उलटून बघा: मेटफॉर्मिनच्या शेजारी बारीक अक्षरांत ‘ग्लिप्टिन’ने संपणारं नाव असू शकतं. गोळी मनाने बंद करू नका, साखर भडकेल. ती स्ट्रिप डॉक्टरांना दाखवा. पर्यायी औषधं आहेत. गोळी बदलल्यावर आणि स्टिरॉइडचं मलम लावल्यावर अनेकांचे फोड सुकतात. काहींना मात्र पुढेही बराच काळ उपचार घ्यावे लागतात.