परिच्छेदात यादी का बसत नाही: मजकूर स्वतः बदलणाऱ्या ग्राहकांसाठी माहिती

आपल्या संकेतस्थळावरील मजकूर आपण स्वतः बदलता याचा आम्हाला आनंद आहे. मात्र ‘यादी टाकली आणि पानाची मांडणी बिघडली’ अशी तक्रार वारंवार येते, आणि कोड उघडला की बहुतेक वेळा एकच चूक सापडते: पी टॅगच्या (कोडमधील परिच्छेदाची खूण) पोटात यूएल (यादीची खूण) किंवा डिव्ह (मजकुराचे भाग एकत्र बांधणारी खूण) घातलेला असतो.

ऐन हंगामाच्या तोंडावर आमच्या एका आंबा विक्रेत्या ग्राहकांनी पिवळ्या चौकटीतील सूचनेत पेटीचे दर यादी करून लिहिले. पहिली ओळ पिवळ्या चौकटीत राहिली, दर पांढऱ्या जागेवर आले आणि ‘वाहतूक खर्च वेगळा’ ही शेवटची ओळ कोणत्याच परिच्छेदात न राहता उघडी पडली. त्यांनी बराच वेळ सीएसएस, म्हणजे पानाचे रंग व मांडणी ठरवणारे नियम, तपासले, पण दोष तिथे नव्हताच. पी टॅगमध्ये केवळ मजकूर आणि स्ट्राँग, स्पॅन, इमेज यांसारखे इनलाइन, म्हणजे ओळीतच बसणारे, टॅग चालतात. यूएल दिसताच ब्राउझर उघडा पी तिथेच बंद करतो, आणि शेवटी लिहिलेल्या बंद करणाऱ्या पी टॅगला जोडीदार न उरल्याने त्याचा एक रिकामा परिच्छेद होतो. हे सारे मुकाट्याने घडते, म्हणून चूक शोधण्यात वेळ जातो.

अशा वेळी सूचनेचा क्लास (पिवळी चौकट ज्या नावाने लागू होते ते नाव) बाहेरच्या डिव्हला द्यावा आणि त्याच्या आत पहिली ओळ एका पी टॅगमध्ये, दर यूएलमध्ये व शेवटची ओळ दुसऱ्या पी टॅगमध्ये ठेवावी. सीएसएसमध्ये डिस्प्ले (टॅग कसा दिसावा हे सांगणारा गुणधर्म) बदलून हा नियम टळत नाही, कारण कोणता टॅग कोणाच्या आत हे ब्राउझर एचटीएमएल, म्हणजे पानाचा टॅगांचा कोड, वाचतानाच ठरते.

संपूर्ण चौकटीला लिंक देता येईल का, असेही विचारले जाते. १९९९ च्या एचटीएमएल ४.०१ मध्ये ए टॅगच्या (लिंकची खूण) आत ब्लॉक टॅग, म्हणजे शीर्षक, परिच्छेद यांसारखे नव्या ओळीवर सुरू होणारे टॅग, चालत नसत. एचटीएमएल ५ पासून शीर्षक, चित्र व परिच्छेद एकाच लिंकमध्ये घेता येतात. मात्र त्यात दुसरी लिंक किंवा बटण ठेवू नये, आणि तो ए टॅग पी टॅगच्या आत असेल तर पी टॅगचाच नियम लागू होतो.

आमच्या एडिटरमध्ये कोड पाहण्याची सोय सुरुवातीला बंद असते, ती याच कारणाने. आपण मागताच आम्ही ती सुरू करतो आणि वरील मांडणी आपल्याच पानावर करून दाखवतो. वार्षिक देखभाल घेतलेल्या ग्राहकांचे बदललेले पान आम्ही व्हॅलिडेटरवर (कोडमधील चुका दाखवणारे साधन) तपासून देतो. इतरांसाठी दुरुस्तीचे शुल्क वेळेनुसार आकारले जाते, म्हणून मोठी यादी किंवा तक्ता टाकण्याआधी तो मजकूर आमच्याकडे पाठवावा.