पोटातली चरबी आणि डायबिटीस

पोटातली चरबी, डॉक्टर जिला व्हिसरल फॅट म्हणतात, ती चिमटीत धरता येते ती नाही, तर पोटाच्या स्नायूंच्या आत आतडी आणि लिव्हरच्या आजूबाजूला साठते ती. टाइप 2 डायबिटीसच्या बाबतीत वजन किती यापेक्षा चरबी बसलीय कुठे हे जास्त महत्त्वाचं. फ्रेंच डॉक्टर जाँ वाग यांनी 1947 मध्येच पोटाकडे सुटणारे आणि मांड्यांकडे सुटणारे असा फरक मांडला होता, पण बरीच वर्षं सगळे वजनकाट्याकडेच बघत राहिले.

या चरबीतून सुटणारी फॅटी अ‍ॅसिड्स पोर्टल व्हेनमधून, म्हणजे आतड्यांकडून लिव्हरकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतून, थेट लिव्हरमध्ये जातात, आणि लिव्हरमध्ये फॅट साठलं की लिव्हर इन्सुलिनला दाद देत नाही, रक्तात आधीच शुगर असली तरी आणखी सोडत राहतं, मग स्वादुपिंड जास्त जास्त इन्सुलिन बनवतं आणि काही वर्षांनी ते पुरं पडेनासं होतं. मांड्यांवरची चरबी मात्र फॅट धरून ठेवते, म्हणजे खरं तर कामाची. लिपोडिस्ट्रॉफी या दुर्मिळ आजारात कातडीखाली चरबीच नसते, माणूस हडकुळा दिसतो आणि तरी डायबिटीस जोरात होतो, कारण फॅटला दुसरी जागाच उरत नाही.

बीएमआयवरून, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती या आकड्यावरून, हे कळत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये स्वतःचेच आकडे छापले, दोघांचाही बीएमआय 22.3, पण चरबी याज्ञिकांची 21.2 टक्के आणि युडकिनांची 9.1.

म्हणून टेप घ्यावी. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचं वरचं टोक यांच्या बरोब्बर मधे लावायची, श्वास सहज सोडून, पोट आत ओढायचं नाही (सगळे ओढतातच). दक्षिण आशियाई पुरुषांसाठी 90 आणि बायकांसाठी 80 सेंमी ही धोक्याची रेषा, नाहीतर सोपा हिशोब, कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवी.

पोटाचे व्यायाम करून फक्त पोटातलीच चरबी जात नाही, पण एकूण वजन उतरायला लागलं की ही चरबी चांगली कमी होते. अमेरिकेतल्या 2002 च्या मोठ्या अभ्यासात 7 टक्के वजन कमी करणं आणि आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम एवढंच टार्गेट होतं, त्यात डायबिटीसचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या डायबिटीसच्या गोळीने 31. शिवाय स्नायू काम करत असताना इन्सुलिनची वाट न बघताही शुगर ओढून घेतात, त्यामुळे जेवणानंतरचं चालणं लगेच उपयोगी पडतं, आणि काटा महिनाभर हलला नाही म्हणून व्यायाम सोडायच्या आधी एकदा कंबर मोजून बघाच, ती बऱ्याचदा उतरलेली असते.