बौद्धिक दिव्यांगांची आरोग्यसेवा आणि वैद्यकीय शिक्षण : ग्रामीण विदर्भ

बौद्धिक दिव्यांगता म्हणजे वाढीच्या वयातच दिसू लागणारी आकलनाची व रोजच्या व्यवहाराची मर्यादा. तो आजार नव्हे. पण ती असलेल्यांना इतरांपेक्षा आजार अधिक होतात. सुमारे पाचांपैकी एकाला फिट्स येतात. डाउन सिंड्रोमच्या बालकांत जवळपास निम्म्यांना जन्मतः हृदयदोष असतो, पुढे थायरॉइड, कान, डोळे यांच्याही तक्रारी निघतात. घास श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया आणि दुर्लक्षित बद्धकोष्ठ जिवावर बेतू शकतात. अशा रुग्णाला तपासायचे कसे, हे डॉक्टर, नर्स व आशा यांना शिकवणे हा या नोंदीचा विषय.

शिकवण्याची खरी गरज निदानाच्या एका ठरलेल्या चुकीमुळे आहे. दुखणे सांगता न येणारा माणूस डोके आपटतो, जेवण टाकतो, रात्रभर ओरडतो. ‘तो तसाच आहे’ म्हणून झोपेची गोळी दिली जाते आणि किडलेला दात किंवा फुटलेला कान तसाच राहतो. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण मोठे असलेल्या विदर्भात ही चूक आणखी महाग पडते, कारण सिकलसेलच्या वेदनेचा झटकाही बाहेरून निव्वळ आरडाओरडच दिसतो. ‘काऊन रडते समजत नाही जी’ असे आई सांगते, तेव्हा दात, कान, पोट, लघवी व हाडे आधी पाहावीत. शामक औषधाचा विचार नंतर. आईने सांगितलेला वागण्यातला बदल हे लक्षणच समजावे. एवढे एका तासात शिकवता येते. इंग्लंडमध्ये २०१६ साली ऑलिव्हर मॅक्गोवन हा स्वमग्नता व सौम्य बौद्धिक दिव्यांगता असलेला अठरा वर्षांचा तरुण मनोविकारावरचे औषध दिल्यानंतर दगावला. या मृत्यूनंतर तिथे २०२२ च्या कायद्याने आरोग्य कर्मचाऱ्यांना असे प्रशिक्षण सक्तीचे झाले.

भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४७ मध्ये डॉक्टर, नर्स, आशा व अंगणवाडी सेविका यांच्या शिक्षणात दिव्यांगतेचा समावेश सांगितला आहे. २०१९ च्या एमबीबीएस अभ्यासक्रमातील पायाभूत वर्गात हा विषय आला. २०२४ च्या ऑगस्टमधील अभ्यासक्रम-मार्गदर्शिकेतून तो वगळला गेला. पुढच्याच महिन्यात, इतर वादांसह, ती मार्गदर्शिका मागे घेण्यात आली. अर्थात अनेक विद्यार्थ्यांच्या डोक्यात बौद्धिक दिव्यांगता राहते ती बुद्ध्यंक आणि प्रमाणपत्रावरची टक्केवारी म्हणून. सामाजिक परिपक्वता मोजणाऱ्या व्हाइनलँड मापनश्रेणीचे भारतात रूढ झालेले एक रूपांतर मानसशास्त्रज्ञ ए. जे. मलिन यांनी नागपुरात केले होते. मोजमापाची परंपरा विदर्भाला आहे, उणीव तपासणीची आहे.

गडचिरोली किंवा मेळघाटातून तज्ज्ञ गाठायचा तर बहुधा नागपूर, अमरावती किंवा सेवाग्राम. प्रत्येक तक्रारीसाठी तिथवर जाणे घडत नाही, म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्राचा साधा डॉक्टर तयार असावा लागतो. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत (स्थापना १९६९) विद्यार्थी गावात शिबिराला राहून नेमून दिलेल्या कुटुंबांशी संबंध ठेवतात. त्या कुटुंबांत असे एखादे मूल असेल, तर पुस्तकापेक्षा चांगला धडा घरातच मिळतो. फक्त ते घर मुद्दाम निवडले पाहिजे. परतवाड्याजवळच्या वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर (पद्मश्री, २०२४) यांनी निराधार दिव्यांग मुलांना आपले नाव देऊन वाढवले. अशा ठिकाणी भावी डॉक्टरांना मुलांबरोबरच प्रौढही भेटतील.

प्रौढांचा प्रश्न बिकट आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची तपासणी अठराव्या वर्षी थांबते, बालरोगतज्ज्ञही सुटतो. त्यानंतर ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही कोणाची, असा पेच पडतो. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार कायदेशीर पालक नेमणे जिल्हास्तरीय समितीच्या हाती असते. ही वाट इंटर्नला ठाऊक हवी. पालक नेमलेला असला तरी काय होणार आहे ते रुग्णालाही चित्रे दाखवून, वऱ्हाडी, गोंडी किंवा कोरकूत सांगायचे असते, आणि त्याचा सराव इंटर्नशिपमध्येच व्हायला हवा.