शिकागो युनिव्हर्सिटीची शाळा म्हणजे नक्की कुठली, लॅब का चार्टर?

शिकागोला पोस्टडॉकला (पीएचडीनंतरच्या संशोधनाला) वगैरे आलेल्या आपल्या मंडळींचा हा घोळ हमखास होतो. कोणीतरी सांगतं "युनिव्हर्सिटीची शाळा एकदम फ्री आहे", दुसरं कोणी सांगतं "वेडे का, वर्षाला ३० हजार डॉलरच्या वर फी आहे", आणि गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात, कारण शाळा दोन आहेत, फीवाली खासगी लॅब स्कूल्स आणि फुकटची चार्टर स्कूल. दोन्हीच्या नावात युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो आणि दोन्ही शिकागोच्या दक्षिण भागात, म्हणजे साउथ साइडला.

लॅब (लॅबोरेटरी, म्हणजे प्रयोगशाळा) स्कूल्स जुनी, १८९६ ची, शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्युईंनी काढलेली. मुलं स्वयंपाक, विणकाम, सुतारकाम करता करता गणित-विज्ञान कशी शिकतात हे तिथे बघितलं जायचं. (ड्युई १९०४ ला शिकागो सोडून कोलंबियाला गेले, तिथे पुढे बाबासाहेब त्यांचे विद्यार्थी होते, तेच हे ड्युई.) आज मात्र ती पक्की खासगी शाळा आहे, नर्सरी ते बारावी, प्रोफेसर लोकांची पोरं भरपूर, ओबामांच्या मुली वॉशिंग्टनला जायच्या आधी इथेच होत्या. शाळा उत्तमच आहे, त्यात वाद नाही.

चार्टर स्कूलची गोष्ट वेगळी. इलिनॉयमध्ये चार्टरचा कायदा १९९६ ला आला. चार्टर म्हणजे पैसा सरकारी, फी शून्य, पण रोजचा कारभार वेगळ्या संस्थेकडे, आपल्या अनुदानित शाळेसारखं थोडंफार, फक्त इथे करार ठराविक वर्षांचाच असतो आणि काम नीट नसेल तर तो पुढे मिळेलच असं नाही. युनिव्हर्सिटीतले लोक आधी आजूबाजूच्या सरकारी शाळांमधल्या शिक्षकांबरोबर काम करत होते, मग १९९८ ला त्यांनी नॉर्थ केनवुड-ओकलंड भागात स्वतःचीच शाळा काढली, मग २००५ ला डोनोह्यू आणि २००६ ला वुडलॉन या आणखी दोन. मुलं बहुतेक सगळी आफ्रिकन अमेरिकन, बरीचशी कमी उत्पन्नाच्या घरातली.

आता तिथे वेगळं काय करतात ते बघा. लहान वर्गात शिक्षक एकेका मुलाला जवळ बसवून पुस्तक मोठ्याने वाचायला लावतात, कुठे अडखळला, कुठला शब्द गाळला त्याची खूण करत जातात, मग गोष्टीवर प्रश्न विचारतात, म्हणजे पोरगं नुसतं अक्षरं जोडतंय का त्याला कळतंय पण, हे समजतं. आणि हे वर्षातून एकदा नाही, पुन्हा पुन्हा, त्यावरून पुढचं शिकवणं ठरतं. याच युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी शिकागोच्या सरकारी शाळांच्या डेटावरून दाखवून दिलं की नववीत मूल रुळावर राहिलं, म्हणजे विषय पास होत गेलं, तर हायस्कूल पूर्ण व्हायची शक्यता कितीतरी वाढते. मला विचाराल तर ड्युईंची प्रयोगशाळा आज नावापुरती लॅबमध्ये आहे, प्रयोग चार्टरमध्ये चाललाय.

पण चार्टरला विरोधही आहे आणि तो उगाच नाही. चार्टरची ॲडमिशन लॉटरीने म्हटली तरी फॉर्म कोण भरणार, तर ज्यांच्या आईबापांना माहिती आहे आणि वेळ आहे ते, बाकीची मुलं राहतात गल्लीतल्या सरकारी शाळेत, आणि तिथला पट कमी झाला की पैसाही कमी होऊ शकतो. २०१३ ला शिकागोने एका फटक्यात ५० च्या आसपास सरकारी शाळा बंद केल्या, बहुतेक साउथ आणि वेस्ट साइडच्याच, तेव्हा लोकांचा राग चार्टरवरही निघाला. याला सोपं उत्तर कोणाकडे नाही.

ॲडमिशनचं म्हणाल तर लॅबला अर्ज करा, शाळा मुलं निवडते, परवडलं पाहिजे, आर्थिक मदत असते पण सगळ्यांना नाही. युनिव्हर्सिटीत नोकरी असेल तर त्या फीत सवलत मिळू शकते. चार्टरला त्या नोकरीचा काही उपयोग नाही, शिकागोत राहणाऱ्या बाकीच्यांसारखा फॉर्म भरायचा आणि जागेपेक्षा अर्ज जास्त आले की लॉटरीत नंबर लागायची वाट बघायची.