सुनील सान्त आणि 1952ची कोलंबोतील ऑडिशन : पार्श्वभूमी

श्रीलंकेतल्या सिंहली गाण्याचा मुंबईशी संबंध रेडिओच्या कितीतरी आधीचा आहे. 1870-80च्या दशकांत मुंबईच्या पारशी नाटक कंपन्या कोलंबोत खेळ करून आल्या आणि त्यातून तिथे ‘नूर्ति’ नावाचे संगीत नाटक उभे राहिले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नाटककार जॉन द सिल्व्हा यांच्या नाटकांना चाली द्यायला विश्वनाथ लौजी भारतातूनच गेले. आधी चाल, मग तिच्यात बसतील ते सिंहली शब्द, अशी पद्धत पडली. ग्रामोफोनच्या आणि पुढे हिंदी चित्रपटगीतांच्या काळात तीच पक्की झाली.

या पद्धतीत एक दोष मुळातच होता. सिंहलीत ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलतो. परक्या चालीत लांबवायची जागा ठरलेली असते; तिथे ऱ्हस्व अक्षर आले की ते ओढले जाते आणि शब्द मोडतो. गाणे कानाला गोड लागते, पण कळत नाही. सिंहली गायक-संगीतकार सुनील सान्त यांचे काम समजायला हा दोष ध्यानात असला की पुरे.

त्यांचे मूळ नाव बद्दलियनगे डॉन जोसेफ जॉन. जन्म 1915चा, कोलंबोच्या उत्तरेला जा-एलजवळचा, घर कॅथलिक. शाळामास्तरकी करून ते आधी शांतिनिकेतनला आणि तिथून लखनौच्या मॅरिस कॉलेजात, म्हणजे संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी 1926मध्ये उभ्या केलेल्या संगीतसंस्थेत गेले. 1944 साली विशारद झाले. परतल्यावर ‘सुनील सान्त’ हे नाव घेतलेल्या या विशारदाने रागदारी गायलीच नाही. ‘हेल हवुल’ या भाषाशुद्धीच्या चळवळीतले कवी त्यांच्याभोवती जमले. संस्कृत-पाली शब्द टाळून, ख, घ, भ अशी महाप्राण अक्षरेही न वापरता लिहायचे, हा त्या कवींचा आग्रह होता. सान्त यांनी तोच आग्रह चालीला लावला. आधी कविता घ्यायची, ती मोठ्याने म्हणायची, तिचे ऱ्हस्व-दीर्घ जसे पडतील तसे स्वर ठेवायचे. ताना नाहीत, मुरक्या जवळजवळ नाहीत. साथीला व्हायोलिन आणि गिटार. शुद्ध स्वरांची सरळ चाल, तिच्याखाली पाश्चात्त्य पद्धतीचे स्वरमेळ, म्हणजे कॉर्ड. चर्चमधल्या गायनाचा कान इथे उपयोगी पडला असावा. 1946 साली रेडिओवर आलेले ‘ओलु पिपीला’ हे त्याचे पहिले ठळक उदाहरण. चार-पाच वर्षांत त्यांची गाणी घराघरांत म्हटली जाऊ लागली.

आता 1952. दिल्लीत बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. आकाशवाणीवरच्या कलावंतांना नव्याने ऑडिशन आणि त्यावरून श्रेणी, हे धोरण जोरात सुरू झाले. परीक्षक मंडळाच्या प्रमुखपदी होते श्रीकृष्ण नारायण रातंजनकर. भातखंड्यांचे शिष्य, फैयाझखाँसाहेबांचे शागीर्द आणि 1928पासून मॅरिस कॉलेजचे प्राचार्य. गिंडे, भट, कायकिणी, नागरकर हे त्यांनी घडवलेले गायक मराठी वाचकाला परिचयाचे आहेत. भारतात या ऑडिशनवर किती रान उठले, कलावंतांनी बहिष्कार कसे घातले, तेही जुन्या श्रोत्यांना माहीत आहे. त्याच सुमारास रेडिओ सिलोनने सिंहली विभागाच्या कलावंतांची प्रतवारी ठरवायला रातंजनकरांनाच कोलंबोला बोलावले.

बोलावण्यामागचे कारण गैर नव्हते. प्रसारणाची वेळ मोजकी, गाणारे भरपूर आणि त्यांतले पुष्कळ जण हिंदी चालींवर शब्द चिकटवणारे. कोणाला किती कार्यक्रम आणि किती मानधन द्यायचे, याला काहीतरी माप हवे होते. बाहेरचा परीक्षक घेतला तर वशिल्याचा आरोपही टळतो. चूक मापात होती. श्रेणी ठरवताना उत्तर हिंदुस्थानी रागसंगीताची जाण हेच माप धरायचे, तर त्या गाण्यात आवाज तिन्ही सप्तकांत फिरावा लागतो, रागाची बढत यावी लागते, सम चुकून चालत नाही. सिंहली लोकगीत बहुधा चार-पाच स्वरांत संपते. बैलगाडीवाल्याचे ‘करत्त कवि’ तर तालात बसतच नाही, ते श्वासाच्या लांबीवर चालते. असे गाणे उत्तम गाणारा माणूस रागाच्या परीक्षेत काठावरही उतरणार नाही.

सान्त यांनी ऑडिशनला बसायला नकार दिला. सिंहली भाषा न जाणणाऱ्याने सिंहली गाण्याची प्रत ठरवू नये, ही त्यांची भूमिका. नापास होण्याच्या भीतीने ते मागे हटले, असे म्हणायला जागा नाही, कारण याच प्राचार्यांच्या संस्थेची विशारद पदवी आठ वर्षांपूर्वीच त्यांच्या हाती होती. रेडिओच्या अधिकाऱ्यांनी नियम सगळ्यांना सारखा धरला आणि देशातला सर्वांत लोकप्रिय गायक रेडिओबाहेर गेला. त्याच वर्षअखेरीस त्याच केंद्राच्या हिंदी सेवेवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली.

रातंजनकरांवर सगळा दोष टाकणारे लिखाण मात्र एकांगी आहे. सिंहली संगीत घडवायचे तर पाया लोकगीतांचाच घ्या, असे त्यांनी कोलंबोत सांगितले होते. रागाच्या आधाराने लोकधून फुलवायची ही वाट पुढे गायक-संगीतकार अमरदेवांनी (1927-2016) चालून दाखवली. ते स्वतः लखनौचेच विद्यार्थी, आणि त्यांचे गाणे थोर आहे यात वाद नाही. तरीही सान्त यांची वाट बंद व्हायला त्यांच्या गाण्यातली उणीव कारण नव्हती, रेडिओचे दार कारण होते, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. रेडिओ हेच एकमेव मोठे व्यासपीठ असताना दार बंद होणे म्हणजे उपजीविका जाणे.

पुढची वर्षे त्यांनी खासगी शिकवण्या घेऊन आणि रेडिओ दुरुस्तीसारखी कामे करून काढली. 1956च्या ‘रेकाव’ आणि 1960च्या ‘संदेशय’ या लेस्टर जेम्स पीरिस यांच्या चित्रपटांचे संगीत त्याच काळातले. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात रेडिओच्या नव्या प्रशासनाने त्यांना परत बोलावले. ते गेले, नवी गाणी केली, पण मधली पंधराएक वर्षे निघून गेली होती. 1981च्या एप्रिलमध्ये ते वारले.

शिक्षणात मात्र लखनौचा ठसा कायम राहिला. कोलंबोत सरकारी संगीत महाविद्यालय निघाले ते लखनौच्या विशारदांच्या भरवशावर, आणि शाळांतून सिंहली लिपीत भातखंडे स्वरलिपी आली. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, समेला फुली, खालीला शून्य. एका आवाजाची तालबद्ध चाल तिच्यात चोख उतरते. सान्त यांच्या गाण्याची चालही उतरते. तिच्याखालचा स्वरमेळ उतरत नाही, कारण एकाच वेळी वाजणारे दोन-तीन स्वर मांडायची सोय या लिपीत नाही. करत्त कवि लिहायला घेतले तर मात्रांचे रकानेच आखता येत नाहीत. ज्या शिक्षकाने फक्त हीच लिपी शिकलेली असते, तो सान्त यांचे गाणे पेटीवर एकेरी वाजवून वर्गाकडून म्हणवून घेतो. ते मूळ स्वरमेळासह शिकवायचे असेल तर गिटारचे कॉर्ड ओळीवर वेगळे लिहून द्यावे लागतात आणि दुसरा आवाज वेगळ्या कागदावर. श्रीलंकेतले विद्यार्थी अजूनही पदवीसाठी लखनौला जातात.