कयाक घेण्याआधी एकदा पाण्यात पडून बघा

आमच्या मालवणजवळच्या देवबागच्या शेडमध्ये येणारे बहुतेक जण एकच गोष्ट मागतात: समुद्रात चालेल अशी कयाक दाखवा. आम्ही दाखवतोच, पण त्याआधी एक प्रश्न विचारतो. खोल पाण्यात बोट उलटली, तर तुम्हाला त्याच बोटीत परत चढता येतं का? या उत्तरावर बोट ठरते. लांबी, रंग आणि किंमत यांचा विचार त्यानंतर.

या प्रश्नामागे माझा स्वतःचा अनुभव आहे. माझी पहिली कयाक मी लांबी आणि किंमत एवढंच बघून घेतली होती. तिच्या पोटात आडवी भिंतच नव्हती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळी पोकळी. विकणाऱ्याने सांगितलं नाही आणि मला विचारायचं सुचलं नाही. कर्ली नदीच्या मुखाबाहेर एक लाट आत आली आणि ते पाणी सरळ मागच्या टोकाला गेलं. शेपूट बुडालं, नाक वर आलं आणि मी बाहेर. चढायला गेलो की बोट आणखी भरायची. रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याची, एक होडी जवळ होती, तिच्यावरच्या माणसांनी दोर टाकला म्हणून किनारा दिसला. लीटरभर पाणी म्हणजे किलोभर वजन. तशा बोटीत दोनशे लीटर सहज मावतं.

म्हणून समुद्रासाठीच्या कयाकमध्ये आम्ही सर्वात आधी बघतो त्या दोन आडव्या भिंती, एक पायांच्या पुढे आणि एक पाठीच्या मागे. दोन्ही टोकांचे कप्पे बंद राहिले की बोट भरली तरी सपाट तरंगते आणि पंपाने उपसता येते. त्याबरोबर बोटीच्या कडेने पूर्ण फिरलेला दोर हवाच. ओल्या हाताला धरायला दुसरं काही नसतं.

स्थिर वाटते म्हणजे सुरक्षित, असं नाही

रुंद बोटीत बसलं की हायसं वाटतं. आपल्याकडच्या उलांडीच्या, म्हणजे तोल राखायला बाजूला ओंडका बांधलेल्या होडीतही तसंच वाटतं. पण रुंद, सपाट तळाची छोटी कयाक पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून राहते. लाट तिरकी झाली की तीही तिरकी होते आणि एका मर्यादेनंतर एकदम पलटते. अरुंद, गोलसर तळाची बोट सुरुवातीला डुगडुगते, मात्र कुशीवर कललेली असताना तिथेच टेकून राहते. ती डुगडुग दोन-तीन सकाळींत अंगवळणी पडते. पहिल्या दहा मिनिटांवरून बोटीला नापास करू नका.

आकड्यांत सांगायचं तर पाण्यावर नुसती फिरवायची, वर बसायची कयाक तीन-साडेतीन मीटर लांब आणि पाऊण मीटर रुंद असते. समुद्री कयाक पाच मीटरच्या आसपास लांब आणि ५५ ते ६० सेंटिमीटर रुंद. लांब बोट त्याच मेहनतीत जास्त सरकते आणि सरळ जाते. मात्र ती वळवायला अंग कलवावं लागतं.

वाऱ्याचं एक गणित नव्या माणसाला कोड्यात टाकतं. बाजूने वारा असला की चालत्या कयाकचं नाक आपोआप वाऱ्याकडे वळतं. नाक पाणी कापत असतं, त्यामुळे ते पाण्यात घट्ट बसलेलं असतं. शेपूट मोकळं असतं, तेच वाऱ्याने ढकललं जातं. एकाच हाताने वल्हं मारून माणूस थकतो. यावर उपाय म्हणजे तळातून खाली सोडायचं छोटं पातं, म्हणजेच स्केग. आमच्या किनाऱ्यावर दुपारच्या वाऱ्यात स्केग नसलेली लांब बोट आम्ही कुणाला सुचवत नाही. दोघांच्या कयाकला पायाने चालवायचं सुकाणू बरं.

प्लास्टिक की फायबर? आमचं उत्तर प्लास्टिक. फायबर हलकं आणि वेगाला छान असतं, पण मालवणच्या आसपास किनाऱ्याला लागायचं म्हणजे कधी ना कधी कालवं चिकटलेल्या खडकावर बोट घासणार. प्लास्टिकवर ओरखडा उठेल, फायबरला चीर जाईल. प्लास्टिकचा शत्रू ऊन. गाडीच्या टपावर पट्टा करकचून आवळून मे महिन्यात पुण्याला नेलीत, तर तळाला खड्डा पडलेला दिसेल. कडक उन्हात थोडा वेळ ठेवून आतून दाबला तर बहुधा तो निघतो, पण पट्टा हाताने ओढून बसेल इतकाच लावा.

बोट अंगाला बसली पाहिजे. पाय टेकणीवर, मांड्या वरच्या कडेला लागलेल्या, कमरेला दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं जागा. पंचावन्न किलोच्या माणसाने धिप्पाड माणसासाठी बनवलेली बोट घेतली, तर ती पाण्यावर उंच तरंगते आणि वारा तिला पानासारखी उडवतो. घरात दोघांनी एकच बोट वापरायची असेल, तर हलक्या व्यक्तीला बसवून निवडा.

हवा भरायच्या कयाकबद्दल फ्लॅटमध्ये राहणारे हमखास विचारतात. खाडीत, सकाळी, चालेल. समुद्रात नको.

पाणी मोठं करायचं, पण एका वेळी एकच गोष्ट बदलून

सुरुवात कर्लीच्या खाडीत. इथे फार वल्हवायचं नसतं, पडायचं असतं. बसायच्या जागेवरच्या, कमरेभोवतीच्या झाकणासकट उलटून बाहेर येणं, जोडीदाराच्या मदतीने चढणं, मग एकट्याने वल्ह्याच्या टोकाला फुगा बांधून चढणं. दहापैकी दहा वेळा जमेपर्यंत आम्ही मुखाकडे नेत नाही. चांगले पोहणारेही इथे अडकतात, कारण पोहणं आणि भरलेल्या बोटीवर पोट टाकून सरकणं ही दोन वेगळी कामं आहेत.

मग देवबागचा संगम. इथे घड्याळाइतकंच पंचांग लागतं. कोकणात जुना हिशेब आहे, तिथीच्या पाऊणपट. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. भरती सव्वाअकराच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या सुमारास. हा ढोबळ अंदाज, नक्की वेळ कोष्टकातून घ्यावी. ओहोटीच्या सहा तासांत पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी जातं, ओढ तेव्हा सर्वात जास्त. आता पौर्णिमेचं गणित मांडा. ही जोरदार ओढ सव्वा ते सव्वातीनमध्ये येते, नेमका खारा वारा जोरात असतो तेव्हा. बाहेर जाणारं पाणी, आत येणारी लाट आणि मध्ये वाळूचा दांडा. लाटा उभ्या राहून फुटतात. तासाभरापूर्वी आरशासारखं असलेलं हेच मुख तेव्हा ओळखू येत नाही. पहिल्यांदा जायचं ते भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी थबकलेलं असताना.

तिसरी पायरी तारकर्लीच्या किनाऱ्यावरून फुटत्या लाटांतून बाहेर पडणं आणि परत येणं. लाट गुडघ्याएवढीच हवी. येताना लाटेच्या पुढे पळू नका, तिच्या पाठीवरून या. बोट आडवी झालीच तर लाटेकडे कला, किनाऱ्याकडे नाही. पडलात तर बोट आणि किनारा यांच्या मध्ये कधीही उभे राहू नका. पाण्याने भरलेली बोट पुढची लाट तुमच्या पायांवर आणून टाकते.

त्यानंतर भोगवे, निवतीकडची किनाऱ्यालगतची फेरी, तीन बोटी मिळून. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी मुद्दाम उशिरा ठेवतो. तटावर आपटून परत फिरलेली लाट येणाऱ्या लाटेला भेटते आणि पाणी जागच्या जागी उसळतं. तिथे सैल कंबर हाच आधार. वेंगुर्ला रॉक्सच्या दीपगृहाचा विषय पहिल्या हंगामात काढू नका, एवढी विनंती.

सकाळचा मतलई वारा फसवा असतो. तो जमिनीकडून वाहतो, किनाऱ्याजवळ पाणी सपाट ठेवतो आणि तुम्हाला अलगद बाहेर नेतो. परत फिरल्यावर त्याचा जोर कळतो. म्हणून पहिल्या दहा मिनिटांतच एकदा वळून वाऱ्याविरुद्ध वल्हवून बघा.

आदल्या रात्री इन्कॉइसचा, म्हणजे समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा, अंदाज वाचा. त्यात दिलेली लाटेची उंची म्हणजे सर्वात मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी. एक मीटर लिहिलं असेल तर एखादी लाट दोन मीटरची येऊ शकते. एप्रिल-मेमध्ये वारा नसतानाही दक्षिण महासागरातून निघालेल्या लांब लाटा आपल्या किनाऱ्याला येऊन फुटतात. दोन लाटांमधला वेळ पंधरा सेकंदांच्या वर दिसला, तर त्या दिवशी खाडीतच थांबतो.

आमच्याकडे येताना

चाचणी सकाळी सात ते दहा, ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात पूर्ण बंद. किमान दोन बोटी आळीपाळीने वापरून बघा. त्याच बोटींपैकी एखादी घेतलीत, तर चाचणीचे पैसे किमतीतून वळते करतो. लाइफ जॅकेट, शिट्टी, पंप आणि वल्हं आम्ही देऊ. तुम्ही लांब बाह्यांचा शर्ट, दोरीने बांधलेला चष्मा, माणशी दोन लीटर पाणी आणि फोनसाठी बंद पिशवी आणा. फोनमध्ये तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आधीच साठवून ठेवा. रापणीचे दोर किनाऱ्यावर दिसले तर वळसा घाला आणि जाळं ओढून होईपर्यंत तिथे बोट उतरवू नका. सुके कपडे दोन जोड आणा, कारण पहिल्या सकाळी तुम्ही निदान सहा वेळा पाण्यात जाणार आहात.