शंभर चौरस मीटरच्या गाळ्यात संगणक सोलताना

जर्मनीतल्या एका मोठ्या ई-कचरा प्रकल्पाचा हिशेब 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. आत आलेल्या सोन्यापैकी जेमतेम 26 टक्के आणि चांदीपैकी 12 टक्केच अशा मालात पोचली, ज्यातून ती पुढे काढता येईल. बाकीचं सोनं-चांदी प्लॅस्टिक, लोखंड आणि धुळीत मिसळून गेलं. कारण साधं आहे. सर्किट बोर्डावरचा सोन्याचा थर मायक्रॉनमध्ये मोजावा इतका पातळ असतो, आणि श्रेडरमध्ये बोर्ड चुरडला की तो कशालाही चिकटून निघून जातो.

औद्योगिक वसाहतीत 100 चौरस मीटरचा गाळा आणि दहा-पंधरा एचपीची वीजजोडणी एवढंच हाताशी असलेल्याने हा आकडा नीट वाचावा. श्रेडर परवडत नाही याचं दुःख करायचं कारण नाही. पेचकस आणि पक्कड घेऊन बोर्ड अख्खा बाहेर काढणारा माणूस सोनं वाचवण्यात यंत्राच्या पुढे असतो.

पण हीच लहान जागा रसायनांच्या बाबतीत उलटते. बेंगळुरूमध्ये असंघटित क्षेत्रात आम्लाने सोनं काढण्याच्या पद्धतीचा अभ्यास झाला, तेव्हा साधारण पाव भागच सोनं हाती येत असल्याचं दिसलं. बेल्जियममधल्या होबोकेनसारख्या एकात्मिक, म्हणजे अनेक धातू एकत्र काढणाऱ्या भट्टीत पोचलेल्या बोर्डांतून हाच आकडा 95 टक्क्यांच्या वर जातो. आम्लाचे पिवळे-तांबूस धूर आणि तांबंमिश्रित सांडपाणी गाळ्याच्या वाट्याला येतं ते वेगळंच. भट्टी लहान करूनही भागत नाही. बोर्डातल्या ब्रोमीनयुक्त प्लॅस्टिकचे वायू हजार अंशांच्या वर पूर्ण जाळून लगेच झपाट्याने थंड करावे लागतात, आणि ती यंत्रणा गाळ्यात मावत नाही. म्हणून सीमा सरळ आखायची: पान्याने सुटेल तेवढं इथे, आग आणि आम्लाचं काम दुसरीकडे. कागदोपत्रीही तेच सोयीचं आहे. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत उत्पादक, निर्माता, दुरुस्ती करून विकणारा आणि पुनर्चक्रण करणारा असे नोंदणीचे चारच प्रकार आहेत. नुसते भाग सुटे करणाऱ्याचा वेगळा प्रकार त्यांत उरलेला नाही, त्यामुळे नोंदणीकृत पुनर्चक्रकाशी जोडून घेणं आलंच.

आता जागेचं गणित. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत रोज 1 टन माल सुटा करायला किमान 300 चौरस मीटर सुचवले होते. म्हणजे आपल्या गाळ्याला दिवसाला 330 किलो. सराव असलेला कामगार एक सीपीयू, म्हणजे संगणकाचा अख्खा डबा, पंधरा मिनिटांत सोलतो. साडेसहा तासांचं प्रत्यक्ष काम धरलं तर 26 नग, नऊ किलोच्या हिशेबाने 234 किलो. दीड माणसाच्या कामात गाळा भरला! तरीही चार जणांना बसवलं की तिसऱ्या दिवशी पत्र्याच्या आणि रिकाम्या कॅबिनेटच्या ढिगाने वाट अडते, मग बोर्ड पायदळी येतात. इथे अडतं ते जागेपाशी, आणि जागा खातो तो स्वस्त, पोकळ माल. पत्रा आणि प्लॅस्टिक दर आठवड्याला उचललं जाईल असा व्यवहार आधी ठरवावा. बोर्ड महिनाभर साठले तरी फारशी जागा घेत नाहीत.

बोर्डांची प्रतवारी मात्र घाईत करू नये. हिरव्या मदरबोर्डात टनाला 200 ग्रॅमच्या आसपास सोनं असू शकतं. एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, तपकिरी बोर्डात ते जवळजवळ नसतंच, तिथे मोल तांब्याचं आणि अ‍ॅल्युमिनियमच्या हीटसिंकचं. दोन्ही एका पोत्यात गेले की सगळ्या पोत्याला खालचा दर लागतो. एसएमपीएस उघडताना आणखी एक गोष्ट सांभाळायची. 230 व्होल्टचा एसी दिष्ट (डीसी) केला की वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरवर 325 व्होल्टपर्यंत भार बसतो. वर्षभर पडून असलेल्या नगात तो बहुधा ओसरलेला असतो. धोका असतो तो ‘चालू आहे का बघू’ म्हणून नुकत्याच प्लगला लावलेल्या नगात. 2 किलो-ओहम, 10 वॅटचा रोधक, म्हणजे रेझिस्टर, टोकांवर दहा सेकंद धरावा आणि मीटरने खात्री करावी. पेचकसाने शॉर्ट करण्याची सवय वाईट: ठिणगी उडते आणि वितळलेला धातू डोळ्यात जाऊ शकतो.

एखादी मोटर घ्यायचीच झाली, समजा पत्रा दाबायची प्रेस, तर जोडणीचा भार पाहताना चालू होतानाचा प्रवाह विसरला जातो. थेट स्टार्टरवर तो पूर्ण भाराच्या प्रवाहाच्या सहा पटींच्या घरात जातो. मग दिवे मंद होतात आणि शेजारच्या गाळ्यातला माणूस भांडायला येतो. स्टार-डेल्टा स्टार्टरने हा प्रवाह एक-तृतीयांश होतो, पण सुरुवातीचा पीळही (टॉर्क) तेवढाच उतरतो. म्हणून यंत्र रिकामं चालू करायचं, माल नंतर घालायचा.

धूळ ओढायला मोठा पंखा लागतो असा समज आहे. लागतं ते ओढणाऱ्या नळीचं तोंड जवळ आणणं. 20 सेंटिमीटर व्यासाच्या तोंडाने, कामाच्या जागी सेकंदाला अर्धा मीटर वेग मिळवायचा तर 15 सेंटिमीटर अंतरावरून ताशी सुमारे 460 घनमीटर हवा पुरते. तेच तोंड 30 सेंटिमीटरवर सरकवलं की 1,675 लागते. अंतर दुप्पट झालं की हवा साडेतीन पटींच्या वर जाते. उकडतं म्हणून शेजारी लावलेला टेबलफॅन हे सगळं गणित उधळून लावतो.

पाण्याची अडचण प्लॅस्टिक निवडताना कळते. ब्रोमीनयुक्त अग्निरोधक घातलेलं एबीएस (कॅबिनेटचं टणक प्लॅस्टिक) जड असतं, साधं एबीएस हलकं. लिटरभर पाण्यात 160 ग्रॅम मीठ विरघळवलं की घनता 1.10 होते, त्यात साधं तरंगतं, ब्रोमीनवालं बुडतं. सांडपाणी सोडायची सोय नसलेल्या गाळ्यात टनावारी माल असा धुता येत नाही, पण बादलीभर द्रावण महिनोन्‌महिने पुरतं. प्रत्येक मॉडेलचा नखाएवढा तुकडा टाकून पाहायचा आणि त्यावरून अख्खा ढीग वेगळा करायचा. बुडबुडे चिकटले तर बुडणारा तुकडाही तरंगतो, म्हणून भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकावा. काचतंतू भरलेलं प्लॅस्टिकही बुडतं. म्हणजे बुडालेल्यात निर्दोष माल थोडा जाईल. शंका असेल तर तो तिकडेच राहू द्यावा.

काही वस्तू या जागेत उघडायच्याच नाहीत. जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबच्या मागच्या नरसाळ्याच्या काचेत शिशाचं ऑक्साइड वीस टक्क्यांच्या पुढे असतं, आणि आत निर्वात पोकळी असते. मानेवरची तांब्याची कॉइल काढायची तर आधी अ‍ॅनोडचा, म्हणजे ट्यूबच्या उच्च दाबाच्या टोकाचा, भार अर्थिंगने उतरवावा, मग क्लॅम्पचा स्क्रू सैल करावा. हिसका दिला की मान तुटते. ट्यूब अख्खीच पुढे पाठवावी. तसंच जुन्या एलसीडी पडद्यांचं: मागच्या काडीएवढ्या जाड नळ्यांत पारा असतो, आणि चौकट नुसती पिळली तरी त्या फुटतात.

सगळ्यात फसवी वस्तू म्हणजे बारीक वायर. घानाच्या अक्रा शहरातल्या अगबोगब्लोशी भंगारबाजारात 2014 मध्ये वायर सोलायची यंत्रं बसवली होती. जाड केबल त्यांत सोलली जाई, केसासारख्या वायरी जात नसत, आणि त्या जळतच राहिल्या. पीव्हीसीत क्लोरीन, आत तांबं, आणि धूर थंड होताना 400 ते 250 अंशांच्या दरम्यान रेंगाळणार: डायॉक्सिन हे जहाल विष तयार व्हायला याहून सोयीची जुळणी नाही, कारण तांबं स्वतःच उत्प्रेरक. बारीक वायरी बांधून गठ्ठे साठवावेत आणि ग्रॅन्युलेटर, म्हणजे वायरीचे बारीक तुकडे करून तांबं वेगळं काढणारं यंत्र, असलेल्याला विकावेत. दर कमी मिळतो. तो कमी दर आधीच हिशेबात धरलेला नसेल, तर रात्री कुणीतरी काडी लावतंच.

पावसाळ्याची तयारी मे महिन्यात करायची. माल पॅलेटवर, शटरपाशी 10 सेंटिमीटरचा उंबरठा, आणि फरशीचा उतार आतल्या खड्ड्याकडे. बाहेरचं पाणी आत येऊ नये हा एक हेतू. दुसरा असा, की आग विझवायला मारलेलं पाणी शिसं आणि तांबं घेऊन गटारात जाऊ नये. लिथियम बॅटऱ्या टोकांना चिकटपट्टी लावून, फुगलेल्या वेगळ्या काढून, कोरड्या वाळूच्या पिंपात गाळ्याबाहेरच्या शेडखाली ठेवाव्यात. वाळू ज्वाळा दाबते, बॅटरीला थंड करत नाही. पेटलीच, तर शेजारच्या बॅटऱ्या वाचवायला भरपूर पाणीच मारावं लागतं, म्हणून पिंपाजवळ नळ हवा.